मोटेचे आठ सेकंद : प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२५, मंगळवार

परवा आषाढी झाली. आता तुळशीच्या लग्नापर्यंत आमच्या धंद्याला कुणी विचारत नाही. लग्नाचे कॅमेरे सिलिका जेलच्या पुड्या घालून पेटीत ठेवले आणि आज शाळेतल्या बाईंचा फोन आला. पंधरा ऑगस्टला मुलांना दाखवायला दोन मिनिटांची फिल्म हवी आहे, विषय लिंबची बारामोटेची विहीर.

"पोरं सहलीला जाऊन आलीत हो. विहीर पाहिली, फोटो काढले. पण मोट म्हणजे काय ते एकालाही सांगता येईना. एकानं उत्तरात मोटार लिहिलंय."

विहीर साताऱ्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधवली. वरून पाहिली तर आकार शिवलिंगासारखा, मुख्य विहीर अष्टकोनी, व्यास सुमारे ५० फूट, खोली ११० फुटांच्या आसपास. आत पायऱ्या उतरून गेलं की दगडी महाल. भोवतालच्या आमराईला पाणी देण्यासाठी तिच्यावर एका वेळी बारा मोटा, म्हणजे बैलांनी ओढून पाणी उपसायच्या कातडी पिशव्या, चालायच्या, म्हणून हे नाव.

एक गोष्ट आजच ठरवून टाकली. विहीर एआयकडून काढून घ्यायची नाही. ती तीनशे वर्षं उभी आहे, कॅमेरा घेऊन गेलं की मिळते. जे आता कुठेच बघायला मिळत नाही तेवढंच यंत्राकडून करून घ्यायचं: बैल, नाडा म्हणजे मोटेचा जाड दोर, चालती मोट. चार-पाच शॉट.

साधनं दोन. घरच्या संगणकावर वान २.१ या, वाक्य दिलं की व्हिडिओ करून देणाऱ्या एआयचं लहान मॉडेल आहे, १.३ अब्ज पॅरामीटरचं. ते सुमारे ८ जीबी ग्राफिक्स मेमरीत बसतं आणि ८१ फ्रेमची, सेकंदाला १६ फ्रेमच्या हिशेबानं पाच सेकंदांची, ४८०पी क्लिप देतं. वीजबिल सोडलं तर फुकट. त्याच्यावर वाक्यं घासूनपुसून घ्यायची आणि जमलेलं वाक्य मग भाड्याच्या ऑनलाइन सेवेला द्यायचं, जिथे आठ सेकंदांची क्लिप मिळते आणि प्रत्येक वेळी क्रेडिट कापलं जातं. सेवेचं नाव लिहीत नाही. खाली जे घोटाळे येतील त्यांतले बरेचसे माझ्या वाक्यांचेच असणार आहेत.

नोंदी ठेवायचं कारण असं की मागच्या वर्षी एका लग्नाच्या सुरुवातीला पावसाची एक झकास क्लिप जमली होती. कोणत्या प्रॉम्प्टनं, म्हणजे यंत्राला दिलेल्या कोणत्या वाक्यानं जमली, ते आजतागायत आठवलेलं नाही.

९ जुलै, बुधवार

पहिला प्रॉम्प्ट मराठीत दिला. हौस.

"शेतकरी बैलजोडीने मोट ओढतो आहे. बैल धावेवरून खाली जात आहेत."

क्लिप आली: दोन बैल धुरळा उडवत सुसाट पळतायत, दोन्ही बाजूंना गर्दी. बैलगाडा शर्यत! धाव म्हणजे विहिरीच्या काठापासून उतरत जाणारा बैलांचा रस्ता, पण यंत्रानं ती 'धाव' पकडली. दुसऱ्या खेपेला शेतकऱ्याच्या डोक्यावर गाठोडं होतं. तेही चुकलं म्हणता येत नाही. मोट म्हणजे गाठोडंही. आपणही कार्यकर्त्यांची मोट बांधतोच की.

ही मॉडेलं व्हिडिओ आणि त्याचं वर्णन अशा जोड्यांवर शिकलेली असतात. मराठी अक्षरं त्यांना वाचता येतात, पण मराठी वर्णन असलेल्या किती क्लिप त्यांनी पाहिल्या असतील? त्यातून मोटेच्या किती? यापुढे प्रॉम्प्ट इंग्रजीत देणार. इथे मात्र मी त्यांचा मराठी मतलब लिहीन, कारण ही वही माझी आहे.

११ जुलै, शुक्रवार

भाचा आला होता. त्याच्याकडे एक 'तयार मसाला' आहे, कुठल्याशा रीलवरून उतरवून घेतलेला: सिनेमॅटिक, ८के, अतिवास्तव, मास्टरपीस, पुरस्कारविजेतं छायाचित्रण. कुठल्याही प्रॉम्प्टच्या शेवटी चिकटवायचा.

"मामा, हे लावून बघ, फरक पडतो."

फरक पडला. सूर्य मावळतीला गेला, बैलांच्या शिंगांना सोनेरी कड आली, कॅमेरा गिधाडासारखा घिरट्या घालू लागला. मोट तशीच गायब.

वर्णनात 'सिनेमॅटिक' हा शब्द असलेल्या क्लिपांमध्ये जे जे नेहमी दिसतं ते सगळं या शब्दाबरोबर येतं: मावळतीचा उजेड, पुसट पार्श्वभूमी, तरंगता कॅमेरा. हवं असेल तर उत्तम. मला नको आहे, मोट सकाळी चालते. म्हणून विशेषण काढायचं आणि ते ज्यामुळे दिसतं ती वस्तू लिहायची. 'सुंदर प्रकाश' नाही तर 'सकाळचं तिरपं ऊन डावीकडून, सावल्या लांब'. '८के'नं तर काहीच होत नाही, रेझोल्यूशन खालच्या बटणावर ठरतं.

भाचा रुसला नाही, पण पटलंही नाही त्याला.

१२ जुलै, शनिवार

आजचा दिवस हत्तीचा.

मोट आपल्याकडची सोंडेची. कातड्याची पिशवी, वरचं तोंड रुंद, खाली निमुळती सोंड. इंग्रजीत 'हत्तीच्या सोंडेसारखी नळी असलेली चामडी पिशवी' असं लिहिलं. विहिरीतून हत्ती वर आला. खोटं नाही लिहीत: दोरखंडाला बांधलेला, ओला, अगदी शांत चेहऱ्याचा हत्ती.

मग लिहिलं, 'हत्ती दाखवू नये'. दोन हत्ती आले.

रात्री जरा वाचत बसलो. प्रॉम्प्टमधला प्रत्येक शब्द आधी आकड्यांत बदलतो आणि चित्र त्या आकड्यांकडे ओढलं जातं. 'नको' हा शब्द त्या ओढाओढीत फार दुबळा, 'हत्ती' हा फार बलवान. नको असलेल्या गोष्टींसाठी काही मॉडेलांत वेगळी चौकट असते. तिचं काम कसं चालतं ते कळल्यावर मजा वाटली. यंत्र प्रत्येक पायरीला दोनदा अंदाज करतं, एकदा प्रॉम्प्ट धरून आणि एकदा कोऱ्या वाक्यावर. मग दोन्हींतला फरक ताणून वाढवतं. त्या कोऱ्या वाक्याच्या जागी 'हत्ती' टाकला की ताण हत्तीपासून लांब जातो. घरच्या मॉडेलला अशी चौकट आहे, तिथे हत्ती टाकला आणि हत्ती गेला. भाड्याच्या सेवेत चौकटच नाही, तिथे उपमा काढून टाकावी लागली. 'खाली अरुंद होत गेलेली कातडी नळी, हाताएवढी लांब.' हत्ती, सोंड, ट्रंक यांतलं काहीच नाही.

उपमा माणसासाठी असते. यंत्र ती शब्दशः घेतं, लहान मूल घेतं तशी.

१४ जुलै, सोमवार

चार दिवस चुकीच्या दिशेनं गेले असं वाटायला लागलं, कारण हत्ती गेला तरी मोट काही दिसेना. यंत्र कधी बादली काढतं, कधी रहाट. आणि मला स्वतःला तरी कुठे माहीत होतं? मी मोट पाहिली ती फोटोत. जन्मलो तेव्हा मळ्यात विजेचा पंप होता.

म्हणून आज तात्यांकडे गेलो. वय ब्याऐंशी. सोळाव्या वर्षापासून मोट धरलेली, वीज येईपर्यंत. बेंदूर नुकताच झालाय, गोठ्यात आता एकच खोंड आहे, त्याच्या शिंगांवरचा रंग अजून ओला वाटत होता.

मी वही काढली आणि विचारलं, "तात्या, बैल विहिरीपासून लांब जाताना पाणी वर येतं ना?"

"मग? जाताना वढतो, येताना मोट खाली जाती."

"आणि येताना वळून येतात?"

तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वही मिटावी. "वळून कसा येईल? नाडा जुवाला बांधलाय. मागं-मागं येतो. उलटं पाऊल."

बैल उलटे चालतात! हे मला माहीतच नव्हतं. धाव विहिरीपासून उतरती असते, म्हणजे ओझं ओढताना उतार बैलाच्या बाजूनं. मोट रिकामी झाली की तो चढ मागच्या पावलांनी चढायचा. यासाठी बैल शिकवावा लागतो आणि शिकलेल्या बैलाला बाजारात भाव जास्त.

मग तात्यांनी अंगणात काठीनं आखूनच दाखवलं. दोर दोन. जाड तो नाडा, मोटेच्या तोंडाला. बारीक तो सोल, सोंडेच्या टोकाला. नाडा वरच्या मोठ्या चाकावरून जातो, सोल खालच्या लाकडी रुळावरून. सोल आखूड, त्यामुळे मोट वर येत असताना सोंड दुमडून तोंडाच्या बरोबरीनं उभी राहते आणि पाणी सांडत नाही. काठाशी आल्यावर मोट चाकाकडे वरच जात राहते, सोंड मात्र रुळावरून बाहेर ओढली जाते, सरळ होते, आणि सगळं पाणी थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडीत. थारोळ्यातून पाटात. वाकून मोट ओतायला कुणी लागतच नाही.

"तुम्ही चालत जायचा बैलांबरोबर?"

"जाताना नाड्यावर बसायचं. आपलं वजन बी बैलाच्या कामी येतं. येताना उतरून चालायचं, हातात कासरा."

दोन तास बसलो. प्रॉम्प्टमध्ये लिहिण्यासारखं एवढं याआधी माझ्याकडे नव्हतंच.

१६ जुलै, बुधवार

नवा प्रॉम्प्ट. सगळं घातलं: बैल उतरतात, नाडा ताणतो, मोट वर येते, सोंड सरळ होते, पाणी पडतं, बैल उलटे येतात. एकशे वीस शब्द.

जे आलं त्याला काय म्हणावं? बैल एकाच वेळी पुढे आणि मागे. पाणी आधीपासूनच वाहतंय. मोट म्हणजे कातड्याचा ढग.

यंत्र आपल्यासारखं पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमकडे जात नाही. बहुतेक मॉडेलं आख्खी क्लिप एकदमच, गोंधळातून हळूहळू स्वच्छ करत आणतात. सहा क्रिया सांगितल्या की सहाही सगळ्या क्लिपभर पसरतात. 'मग', 'त्यानंतर' हे शब्द आपल्याला जेवढे स्पष्ट वाटतात तेवढे त्याला नाहीत.

शिवाय साधा हिशेब मी केला नव्हता. शेजारच्या रानात कुळवाचे बैल चालले होते, दोन बांबू दहा मीटरवर रोवून घड्याळ लावलं: १४ सेकंद. तात्यांची विहीर सात परस (पुरुष) खोल, पाणी चाळीस फुटांवर धरलं तर १२ मीटर. विहीर जितकी खोल तितकं बैलांना चालायचं, म्हणजे एका मोटेला १७ सेकंद, आणि तेही बैल ताजे असले तर. माझ्याकडे ८. एवढ्या वेळात बैल पावणेसहा मीटर जाणार, मोट अर्धीच वर येणार. आपण पूर्ण फेरी मागतो तेव्हा यंत्र बिचारं वेळ वाचवतं: बैल पळवतं किंवा विहीर उथळ करतं.

लग्नात मी कधी एका शॉटमध्ये वरात, अक्षता आणि पाठवणी घेतो का? मग इथेच का मागत होतो?

तुकडे केले. एका शॉटमध्ये एकच क्रिया, आणि ती आधीच सुरू झालेली. 'बैल चालायला लागतात' असं लिहिलं तर चार सेकंद उभेच राहतात. 'बैल चालत आहेत' लिहिलं की पहिल्या फ्रेमपासून चाललेले. आजच्या दिवसातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच असावी.

१९ जुलै, शनिवार

पावसानं उघडीप दिली म्हणून पहाटे लिंबला जाऊन आलो. पायऱ्यांना शेवाळ होतं, बेतानंच उतरलो. विहिरीचे नऊ शॉट. वर काठावर उभं राहून, पूर्वी जिथून मोटा चालत तिथून, ट्रायपॉडवर दोन स्थिर चौकटीही घेतल्या. त्यांतली एक पहिली फ्रेम म्हणून यंत्राला द्यायची आहे.

चित्रावरून व्हिडिओ करताना प्रॉम्प्टचं काम बदलतं, हे संध्याकाळी कळलं. दगड कसा, ऊन कुठून, हे सगळं चित्रातच आहे. ते पुन्हा शब्दांत लिहिलं की यंत्र चित्र आणि वाक्य यांच्यात तडजोड करायला बघतं आणि तिसऱ्या सेकंदाला दगडाचा पोत बदलतो. फक्त हालचाल लिहायची. "दोर ताणलेला, किंचित थरथरतो आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर, अजिबात हलत नाही."

कॅमेऱ्याचं वाक्य दर वेळी वेगळं आणि शेवटी. बैलांच्या वाक्यातच 'कॅमेरा सोबत सरकतो' घातलं तर बैल जागच्या जागी पाय हलवतात आणि मागचं झाड सरकतं. कोण हललं तेच यंत्राला कळत नाही. ट्रायपॉड म्हटलं की बिनतक्रार थांबतं. पंधरा वर्षं मी पोरांना 'ट्रायपॉड लाव' म्हणून ओरडतोय, पहिल्यांदा कुणीतरी लगेच ऐकलं.

२३ जुलै, बुधवार

उलटे बैल.

'बैल मागे चालत चढ चढत आहेत.' अकरा प्रयत्न. नऊ वेळा बैल वळले आणि सरळ चालत आले. एकदा बैलाला मागच्या बाजूलाही तोंड फुटलं. एकदा पाय पुढे टाकत बैल मागे घसरत गेला, बर्फावरून जावा तसा.

उलटा चालणारा बैल यंत्रानं पाहिलेलाच नाही. कितीही नेमकं लिहा, ज्याची आठवण नाही ते वाक्यानं कुठून येणार? इथे वाक्य घासण्यात अर्थ नाही हे अकराव्या प्रयत्नाला कळलं, तिसऱ्यालाच कळायला हवं होतं.

२४ जुलै, गुरुवार

अंघोळ करताना सुचलं. उतरणारे बैल तर जमलेत. ती क्लिप एडिटिंगमध्ये उलटी फिरवायची!

फिरवली. कमाल दिसते. पाणी चौकटीत नको, उलट्या क्लिपमध्ये ते वर चढेल. धुरळाही नको, तो खुरांत परत शिरतो. म्हणून उतरणाऱ्या बैलांची एक वेगळी क्लिप करून घेतली: जमीन ओलसर, चौकटीत फक्त बैल, जू आणि कासरा धरलेला माणूस.

भाचा म्हणाला, "ही चीटिंग आहे मामा." सिनेमाच्या जन्मापासून लोक हेच करत आलेत.

२९ जुलै, मंगळवार

माणसाचा शॉट. 'भारतीय शेतकरी' लिहिलं की भगवा फेटा, झुपकेदार मिशा आणि मागे वाळवंट. 'महाराष्ट्रातला' जोडलं तर फेटा आणखी मोठा झाला, जणू लग्नाच्या वरातीतून उठून आलाय.

प्रदेशाचं नाव म्हणजे यंत्राला त्या प्रदेशाच्या पर्यटन-पोस्टरची आठवण. त्यामुळे नाव काढून टाकलं आणि तात्यांच्या जुन्या फोटोत आहे तेवढंच लिहिलं: "साठीच्या आतला सडपातळ माणूस, गुडघ्यापर्यंत खोचलेलं मळकट पांढरं धोतर, बिनबाह्यांची सुती बंडी, डोक्याला आवळून गुंडाळलेलं जुनं मुंडासं, अनवाणी." दुसऱ्याच खेपेत माणूस गावातला वाटला. बैलांचंही तसंच. 'खिल्लार' लिहून उपयोग झाला नव्हता. 'पांढुरके, वशिंड असलेले, सडसडीत अंगाचे बैल, लांब शिंगं मागे जाऊन धनुष्यासारखी वर वळलेली' असं लिहिलं आणि माणदेशातले वाटावेत असे बैल आले.

एक गंमत लक्षात आली. भाड्याच्या सेवेत छोटा प्रॉम्प्ट दिला की पडद्यामागे दुसरं भाषामॉडेल तो फुलवून लांब करतं आणि मग पुढे देतं. ओपनएआयनं २०२४ च्या फेब्रुवारीत सोरा या आपल्या व्हिडिओ मॉडेलच्या तांत्रिक लेखात ही रीत सांगितली होती: प्रशिक्षणातली वर्णनं लांबलचक, म्हणून वापरणाऱ्याचा तोकडा प्रॉम्प्टही आधी तसा लांब करायचा. मी जे सांगत नाही ते कुणीतरी दुसरं माझ्या वतीनं ठरवतं, फेट्यासकट.

३ ऑगस्ट, रविवार

दिवसभर सीड. सीड म्हणजे सुरुवातीचा गोंधळ ठरवणारा आकडा. तो मोकळा सोडला तर प्रत्येक क्लिप वेगळी, आणि फरक शब्दानं पडला की नशिबानं ते कळत नाही. आतापर्यंत मी तसंच करत होतो! घरच्या मॉडेलवर सीड ४१ ला बांधला आणि एका वेळी एकच शब्द बदलला.

'नाडा ताणलेला' ऐवजी 'जड ओझ्यानं नाडा ताणलेला' केलं, तर बैलांची मान खाली गेली आणि खांदे पुढे झुकले. दोराबद्दल शब्द लिहिला, फरक पडला बैलात. वजन दाखवायचं तर ते ज्याच्यावर पडतं त्याच्याकडे बघायचं असतं, हे कुठल्याही जुन्या कॅमेरामनला माहीत असतं.

'हळू' लिहिलं तर स्लो मोशन येते. 'दमदार, जड पावलं' लिहिलं तर वेग तोच राहून पावलं जड होतात. हे दोन शब्द आठवड्याच्या मेहनतीचे.

८ ऑगस्ट, शुक्रवार

पाणी थारोळ्यात पडण्याचा शॉट. मुलांना कळायला हवी ती सगळी गंमत याच क्षणात आहे: मोट वर जाते, सोंड बाहेर येते, आपोआप रिकामी होते.

एकतीस प्रयत्न. चित्र देऊन, न देऊन, दोर मोजून, चाक वर रूळ खाली असं भूमितीच्या पुस्तकासारखं लिहून. पाणी छान पडतं. नुसतं पाणी काय, यंत्राला पाणी आवडतं. पण ते कधी तोंडातून पडतं, कधी मोटेच्या पोटातून, आणि दोन दोर तिसऱ्या सेकंदाला एक होतात. दिसायला इतकं खरं की मुलांना वाटेल असंच होतं. वाईट चित्र परवडलं, चुकीचं आणि सुंदर चित्र शाळेत दाखवायचं नाही.

सोडला.

बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अहो, मग पोरांकडूनच करून घेऊ की." सातवीच्या मुलांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची सोंड, कापलेल्या बाटलीचं तोंड, दोन सुतळ्या आणि शिलाईच्या रिकाम्या रिळाची दोन चाकं केली. तिसऱ्या प्रयत्नात सोंड सरळ होऊन पाणी ताटलीत पडलं आणि वर्गात जो आरडाओरडा झाला तो मी रेकॉर्ड केलाय. फिल्ममध्ये तोच शॉट, तोच आवाज.

१२ ऑगस्ट, मंगळवार

तात्यांना कच्ची फिल्म दाखवली, लॅपटॉप त्यांच्या बाजेवर ठेवून. उतरणाऱ्या बैलांवर ते काहीच बोलले नाहीत, नुसती मान हलवली. उलट्या चालीवर हात वर केला.

"थांबव. कासरा बघ."

कासरा सैल, ठीक होता. "मानंकडं बघ. ह्यो वझं वढतोय. मागं येताना वझं कुठाय?"

बरोबर. क्लिप उतरतीचीच, 'जड ओझ्यानं' लिहून घेतलेली. उलटी फिरवली तरी बैलांची मान ओढतानाचीच. रिकामी मोट घेऊन येणारा बैल मान वर ठेवून, कान मागे टाकून, अंदाज घेत येतो. दोन हजार लोकांनी पाहिली असती तरी हे कुणाच्या लक्षात आलं नसतं. एकाच्या आलं.

रात्री प्रॉम्प्ट बदलला. ओझ्याचा शब्द काढला, 'दोर सैल, झोळ पडलेला, बैलांच्या माना उंच, पावलं सावध' घातलं. चार प्रयत्नांत जमलं. पूर्ण प्रॉम्प्ट इथे ठेवतो, हरवायला नको:

"दोन पांढुरके, वशिंड असलेले, सडसडीत बैल, लांब शिंगं मागे जाऊन वर वळलेली, एका लाकडी जुवाखाली. ते ओलसर मातीच्या उतारावरून खाली चालत आहेत, पावलं सावध, माना उंच, कान मागे. जुवामागचा जाड दोर सैल, झोळ पडलेला. बाजूला मळकट धोतरातला अनवाणी माणूस हातात कासरा धरून चालतो आहे. सकाळचं तिरपं ऊन डावीकडून. बाजूनं दिसणारी चौकट, कॅमेरा ट्रायपॉडवर, हलत नाही."

तात्यांना फोनवर वाचून दाखवला. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "येवढं सांगाय लागतंय व्हय त्याला? आमी नुस्तं च्यक केलं की बैल मागं यायचा."

१४ ऑगस्ट, गुरुवार

अंतिम लांबी १ मिनिट ५२ सेकंद. एआयचे शॉट चार, मिळून २३ सेकंद. त्यांवर खाली डाव्या कोपऱ्यात पूर्ण वेळ 'हे दृश्य एआयनं तयार केलेलं आहे', मागच्या बाकावरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत. बाई विचारत होत्या की यूट्यूबवर टाकली तर चालेल का. चालेल, पण खऱ्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम दृश्याची खूण अपलोड करताना तिथेही करावी लागते, २०२४ पासून तसा नियम आहे. त्यांना ते कागदावर लिहून दिलं.

यंत्रानं केलेला आवाज सगळा काढला. चाकाची कुरकुर तात्यांच्या माळ्यावर पडलेल्या खऱ्या चाकाची आहे, तेल न घालता फिरवून घेतली. बैल मागे बोलावतानाचं 'च्यक'ही तात्यांचंच, सकाळी जाऊन रेकॉर्ड केलं. गोठ्यातला खोंड ते ऐकून दोन पावलं मागे सरला. कॅमेरा गाडीत होता.

भाड्याच्या सेवेतले एकूण प्रयत्न ९४, वापरलेले ४. उरलेली क्रेडिट सोळा. हत्तीची क्लिप भाच्यानं मागून घेतलीय.